कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील : कोणत्या आदेशाला कोणती वाट?

शेवंती

माझ्या धाकट्या बहिणीच्या वैवाहिक वादात कौटुंबिक न्यायालयाचा निकाल लागला आहे. तिच्या पतीने हिंदू विवाह कायद्याखाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागितला होता आणि तो मंजूर झाला. त्याच न्यायनिर्णयात आठ वर्षांच्या मुलाचा ताबा बहिणीकडे राहिला असून, वडिलांना महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुक्कामासह भेट दिली आहे. बहिणीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा वेगळा अर्ज केला होता. त्याचाही निकाल त्याच दिवशी लागला, परंतु मंजूर झालेली रक्कम पतीच्या राहणीमानाशी मुळीच जुळत नाही.

आईवडिलांचे म्हणणे असे की, सगळ्याच गोष्टींवर वरच्या न्यायालयात जावे. बहिणीला सर्वांत जास्त खुपते ते निकालपत्रातले 'पत्नीचे वर्तन क्रूर होते' हे वाक्य. मला विचारायचे आहे ते असे की, हे तिन्ही विषय एकाच अपिलात मांडता येतात का, मुदत किती असते, आणि अपील प्रलंबित असताना खालच्या न्यायालयाचा आदेश पाळावाच लागतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओसरी

ताई, मी या क्षेत्रात बरीच वर्षे वकिली केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कागदपत्रे न पाहता दिलेला हा सल्ला आहे, हे धरूनच वाचावे.

आपल्या बहिणीच्या हातात दोन वेगळ्या कायद्यांखालचे दोन वेगळे निकाल आहेत, आणि त्यांच्या वाटा पहिल्या पावलापासूनच फुटतात. घटस्फोट आणि मुलाचा ताबा यांवरील न्यायनिर्णयाविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ खाली थेट उच्च न्यायालयात अपील होते आणि ते दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालते. पोटगीच्या अर्जावरील आदेशाला मात्र हे अपील लागू नाही. त्याच कलमाच्या पोटकलम २ ने तो मार्ग बंद केला आहे आणि पोटकलम ४ ने उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश योग्य आणि कायदेशीर आहे का हे तपासून पाहण्याचा, अर्ज करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा एक कौटुंबिक अपील आणि एक फौजदारी पुनरीक्षण अर्ज, अशी दोन प्रकरणे वेगवेगळी दाखल करावी लागतील. दोन्ही एकाच अपिलात घालून पाहू, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. पुनरीक्षणाचा विषय अपिलातून वगळला जाईपर्यंत त्याची मुदत टळून जाण्याची भीती असते.

मुदतीविषयी पुष्कळ गोंधळ आहे आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. कलम १९ मध्ये अपिलासाठी ३० दिवस लिहिले आहेत, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये २००३ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवस आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली हा प्रश्न सोडवला आणि हिंदू विवाह कायद्याखालील निकाल कौटुंबिक न्यायालयाने दिलेला असला तरी मुदत ९० दिवसांचीच आहे, असे ठरवले. असे असले तरी मी प्रत्येक पक्षकाराला ३० दिवसांत अपील दाखल करायला सांगतो. पालकत्व कायद्याखालील अर्ज, मालमत्तेचा दावा अशा बाबतींत ९० दिवसांचा आधार मिळत नाही, आणि एकाच न्यायनिर्णयात असे दोन-तीन विषय एकत्र गुंफलेले पुष्कळदा आढळतात. पोटगीविरुद्धच्या पुनरीक्षणाची मुदत ९० दिवसांची आहे.

एक गोष्ट आणखी. खटला चालू असताना दिलेल्या अंतरिम आदेशाविरुद्ध, उदाहरणार्थ हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालील तात्पुरत्या पोटगीविरुद्ध, अपील चालत नाही. तेथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करावी लागते, आणि तिची व्याप्ती अपिलापेक्षा पुष्कळच अरुंद असते. आपल्या प्रकरणात अंतिम निकाल लागला असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहिले.

मोरपीस

उत्तम माहिती. शेवंतीताईंच्या शेवटच्या प्रश्नाबाबत सांगते की, अपील दाखल होऊन त्याला क्रमांक मिळाला की खालच्या न्यायालयाचा निकाल आपोआप थांबतो. त्यामुळे भेटीची फारशी काळजी करू नये.

ओसरी

मोरपीस यांचे वरील विधान चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून कोणी भेट नाकारली तर नुकसान होईल, म्हणून स्पष्टपणे लिहितो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये असे स्वच्छ म्हटले आहे की, केवळ अपील केल्याने हुकूमनाम्याची (डिक्रीची) अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीसाठी अपिलासोबत वेगळा अर्ज करावा लागतो, पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि स्थगितीचा आदेश हाती येईपर्यंत खालचा आदेश पाळावाच लागतो. पोटगीच्या बाबतीत पतीने पुनरीक्षण दाखल केले असेल, तर उच्च न्यायालय बहुधा थकबाकीचा काही भाग भरण्याची अट घालूनच स्थगिती देते. अपील मुदतीनंतर दाखल झाले असेल तर अडचण अधिक असते. तेव्हा विलंबमाफीचा अर्ज शपथपत्रासह जोडावा लागतो आणि अपील ऐकून घ्यायचे असे न्यायालय ठरवीपर्यंत नियम ३अ मुळे अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचा मात्र एक वेगळा पैलू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपली आणि अपील झाले नाही, किंवा झालेले अपील फेटाळले गेले, तरच पुनर्विवाह कायदेशीर ठरतो. म्हणून अपील वेळेत दाखल करून त्याची नोटीस दुसऱ्या पक्षाला लवकर पोहोचवणे आवश्यक आहे. अपील दाखल झाले, पण नोटीस कित्येक महिने बजावलीच गेली नाही आणि दरम्यान दुसऱ्या पक्षाने लग्न केले, अशी प्रकरणे विनाकारण गुंतागुंतीची होतात.

काजवा

मी न्यायालयाच्या नक्कल विभागात काम केले आहे, म्हणून व्यवहारातली एक बाब सांगतो. सही-शिक्क्याच्या नकलेसाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच, नाहीतर दुसऱ्या दिवशी द्यावा. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार होण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो. वैवाहिक प्रकरणांतील अपिलांनाही ही सवलत मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले आहे. मात्र वगळला जातो तो अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचाच काळ. नक्कल तयार होऊन खिडकीवर पडून राहिली आणि पक्षकार ती न्यायला आलाच नाही, तर ते दिवस त्याच्याच खाती जमा होतात. नकलेच्या मागे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असे शिक्के असतात; ते स्पष्ट उमटले आहेत की नाहीत, हे तेथेच पाहून घ्यावे.

निकालपत्रासोबत साक्षीपुरावा, उलटतपास, निशाणी (पुरावा क्रमांक) पडलेली कागदपत्रे आणि रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) यांच्याही नकला मागाव्यात. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे साक्षीदाराची तोंडी साक्ष शब्दशः नोंदवणे बंधनकारक नाही, तिचा सारांश नोंदवला तरी चालतो. त्यामुळे 'माझी बहीण असे बोलली होती' हे आपल्याला आठवत असले तरी अभिलेखात काय उतरले आहे, ते आधी पाहावे.

शेवंती

सर्वांचे आभार. नकलांचे अर्ज दिले आहेत. आता माझा खरा प्रश्न असा आहे की, अपिलात नेमके मांडायचे काय? बहीण म्हणते, तिची बाजू न्यायाधीशांनी ऐकलीच नाही. वकील म्हणतात, असे लिहून चालणार नाही.

ओसरी

आपल्या वकिलांचे म्हणणे योग्य आहे, आणि ते का योग्य आहे हे समजून घेतले तर अपिलाचे निम्मे काम होते.

कलम १९ खालचे अपील तथ्ये आणि कायदा या दोन्हींवर चालते. याचा अर्थ उच्च न्यायालय संपूर्ण पुरावा नव्याने तपासू शकते; केवळ कायद्याची चूक दाखवण्याचे बंधन येथे नाही. ही फार मोठी सवलत आहे. पण तपासला जातो तो खालच्या न्यायालयात आलेला पुरावा. खंडपीठापुढे साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत, आणि साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला अपिलात वजन दिले जाते. म्हणून 'माझ्यावर अन्याय झाला' या वाक्याऐवजी निकालपत्रातला एक निष्कर्ष घ्यायचा, तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे ते शोधायचे आणि त्या पुराव्याच्या विरुद्ध जाणारी साक्ष किंवा निशाणी दाखवायची, अशी मांडणी करावी लागते.

क्रूरतेचेच पाहू. पतीने अर्जात कोणत्या घटना लिहिल्या होत्या? त्यांतील कोणत्या घटनांवर त्याने साक्ष दिली? उलटतपासात त्याने काय कबूल केले? घटनेनंतर दोघे पुन्हा एकत्र राहिले होते का? तसे असेल, तर त्याने ते वर्तन माफ केले होते, असा मुद्दा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ खाली उभा राहतो, आणि तो निकालपत्रात हाताळला गेला नसेल तर ते अपिलाचे सबळ कारण ठरते. अर्जात नसलेल्या घटनेवर निष्कर्ष आधारलेला असेल, तर तोही असाच भक्कम मुद्दा आहे. याउलट, एखादा कागद पुरावा म्हणून नियमाप्रमाणे सिद्ध झालेला नव्हता, एवढ्याच मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ ने त्या न्यायालयाला वाद सोडवण्यास उपयोगी वाटणारा कागद पुराव्याच्या कायद्यात बसत नसला तरी विचारात घेण्याची मुभा दिली आहे.

निकालपत्र संक्षिप्त आहे, अशी तक्रारही मी सहसा घालत नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम १७ ला संक्षिप्त निकालपत्रच अपेक्षित आहे. पण त्यात कारणे असलीच पाहिजेत. एखाद्या मुद्द्यावर केवळ उत्तर असेल आणि कारण नसेल, तर तेथे बोट ठेवावे. अशा वेळी उच्च न्यायालय प्रकरण फेरविचारासाठी परतही पाठवू शकते. मात्र त्यात आणखी काळ जातो, आणि पक्षकाराला ते हवे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

कडूनिंब

मी याच प्रक्रियेतून वडील म्हणून गेलो आहे, त्यामुळे माझे मत एकांगी वाटू शकेल. मुक्कामासह भेटीविरुद्ध अपील करू नये, असे मला वाटते. मुलाविषयीचे आदेश कधीच कायमचे नसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली परिस्थिती बदलली की त्याच न्यायालयाकडे बदल मागता येतो. काही महिने भेटी होऊ द्याव्यात, मुलाला काही त्रास झाला तर त्याची नोंद ठेवावी आणि मग अर्ज करावा. अपिलात भेटींना विरोध केला की दुसऱ्या बाजूला 'आई मुलाला वडिलांपासून तोडते आहे' असे म्हणण्याची आयती संधी मिळते, आणि मग घटस्फोटाच्या मुद्द्यावरही वातावरण बिघडते.

रानवाट

कडूनिंब यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सरसकट लागू करू नये. बदलाच्या अर्जाला परिस्थितीतला बदल दाखवावा लागतो. आदेश मुळातच चुकीच्या आधारावर दिला असेल, उदाहरणार्थ मुलाच्या आजारपणाचा किंवा समुपदेशकाच्या अहवालाचा विचारच झाला नसेल, तर नंतर दाखवण्यासारखे नवे काहीच उरत नाही आणि 'हे तर निकालाच्या वेळीही होतेच' असे उत्तर मिळते. तेथे अपीलच करावे लागते. शेवंतीताई, आपल्या बहिणीचा आक्षेप मुलाच्या हिताशी निगडित आहे, की पतीवरच्या रागातून आलेला आहे, हे घरातल्यांनी शांतपणे ठरवावे. पहिले असेल तर अपील करावे, दुसरे असेल तर तो मुद्दा सोडून द्यावा.

दीपमाळ

थोडा वेगळा प्रश्न विचारते. माझ्या मावसबहिणीविरुद्ध एकतर्फी घटस्फोट झाला आहे. तिला समन्सच मिळाले नव्हते. तिनेही अपीलच करायचे का? आमच्या भागात कौटुंबिक न्यायालय नाही. निकाल वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचा आहे.

ओसरी

आपल्या मावसबहिणीसाठी बहुधा अपिलापेक्षा आदेश ९, नियम १३ खालचा अर्ज अधिक उपयोगी ठरेल. तो ज्या न्यायालयाने निकाल दिला तेथेच करायचा असतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते हे दाखवले, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊन प्रकरण पुन्हा सुरू होते आणि तिला स्वतःचा पुरावा देता येतो. अपिलात तिच्या बाजूचा पुरावा अभिलेखावर मुळीच नसल्यामुळे हात बांधलेले राहतात. या अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे आणि समन्स बजावलेच गेले नसेल तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात, म्हणून माहिती कधी आणि कशी झाली याचा कागद जपून ठेवावा. एक सावधगिरी अशी की, आधी अपील केले आणि ते मागे घेण्याव्यतिरिक्त अन्य कारणाने निकाली निघाले, तर नियम १३ चा अर्ज पुढे चालत नाही.

जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील आधी जिल्हा न्यायालयात जाते. उच्च न्यायालय त्यापुढचा टप्पा असतो.

शेवंती

रानवाट यांच्या प्रश्नावर घरी बोलणे झाले. बहिणीने भेटीचा मुद्दा सोडायचे ठरवले आहे. मुलगा वडिलांकडे आनंदाने जातो, हे तीही मान्य करते. आता दोन शंका उरल्या आहेत. पतीच्या नावावर आणखी एक सदनिका असल्याचे आम्हाला निकालानंतर कळले. ते उच्च न्यायालयात मांडता येईल का? आणि पती म्हणतो की, नाते केव्हाच संपले आहे, त्यामुळे अपील करून काही मिळणार नाही. हे खरे आहे का?

ओसरी

सदनिकेबद्दल. अपिलात नवा पुरावा आणण्याची वाट आदेश ४१, नियम २७ मध्ये आहे, पण ती चिंचोळी आहे. तो पुरावा योग्य ती काळजी घेऊनही त्या वेळी माहीत होऊ शकला नसता, हे दाखवावे लागते. आपला हा मुद्दा पोटगीशी निगडित असल्याने आधी पतीचे मालमत्ता आणि दायित्वांचे शपथपत्र काढून पाहावे. 'रजनेश विरुद्ध नेहा' या २०२० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना असे शपथपत्र बंधनकारक केले आहे. त्यात सदनिका लपवली असेल, तर आपला मुद्दा कितीतरी भक्कम होतो. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवी. आपल्या आदेशात ती निकालाच्या तारखेपासून दिली असेल, तर पुनरीक्षणात पहिला मुद्दा तोच घ्यावा. रकमेवर वाद घालण्यापेक्षा तो सिद्ध करणे सोपे असते आणि त्यातून मिळणारी थकबाकी पुष्कळदा वाढीव रकमेहून मोठी निघते. याखेरीज, परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागण्याचा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १२७ खाली, मूळ न्यायालयातच करता येतो.

पतीच्या म्हणण्याबद्दल. विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे, हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून दिलेले नाही. त्या आधारावर विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे घटनापीठाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले. उच्च न्यायालयाकडे तो अधिकार नाही. त्यामुळे क्रूरता सिद्ध झाली की नाही, या प्रश्नाला खंडपीठाला सामोरे जावेच लागेल. दीर्घकाळ वेगळे राहणे ही गोष्ट युक्तिवादात येईल, तिचा प्रभावही पडेल, हे मी नाकारत नाही.

काजवा

एक भर घालतो. खर्चाची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अपील कोठे दाखल करायचे हेही तपासावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या जोडीला १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे तेथे जातात.

शेवंती

बहिणीशी पुन्हा बोलले. ती म्हणते, घटस्फोटापेक्षाही तिला तो ठपका नको आहे. पतीची तडजोडीला तयारी झाली तर अपिलात काही करता येते का?

ओसरी

येते, आणि अशा प्रकरणांत पुष्कळदा तेच होते. अपील दाखल झाल्यावर मध्यस्थीसाठी पाठवण्याची विनंती करावी. दोघांचे जमले तर संमतीच्या अटी खंडपीठापुढे दाखल होतात, क्रूरतेवर आधारलेला हुकूमनामा बाजूला सारला जातो आणि त्याऐवजी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट मिळतो. सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे.

तडजोड करताना वकिलांकडून तीन गोष्टी अटींमध्ये लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे क्रूरतेचे निष्कर्ष कायम राहणार नाहीत, असे स्पष्ट वाक्य. दुसरी म्हणजे थकीत पोटगीची रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आणि चुकल्यास काय, याचा तपशील. तिसरी म्हणजे पुनरीक्षण अर्ज पैसे मिळाल्यानंतरच मागे घेतला जाईल, ही अट. संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाची वाट सहसा राहत नाही, त्यामुळे मसुदा बहिणीने स्वतः मराठीत समजून घेऊनच सही करावी. आणि तडजोडीची बोलणी सुरू आहेत म्हणून अपील किंवा पुनरीक्षण दाखल करण्याचे मुळीच लांबवू नये. बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही.